'द बॅटमॅन'ची ४के डिस्क: अंधार असावा तर असा

सुपरहिरो पिक्चर दिसतात कसे यावर वाद सुरू झाला की लगेच दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते सगळं काळंकुट्ट करून ठेवलंय, कोण कोणाला मारतंय तेच कळत नाही. दुसरी म्हणते काळं तरी कुठंय, सगळं राखाडी आहे, धुवून धुवून विटलेल्या कपड्यासारखं. मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच २०२२ च्या 'द बॅटमॅन'च्या ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्कवर लिहितेय, कारण अंधार वेगळा आणि मेलेला रंग वेगळा हे या एका डिस्कवर इतकं स्वच्छ दिसतं की एकदा लक्षात आलं की बाकीचे पिक्चर बघताना पण तेच शोधत बसतो आपण.

गोष्टीचा रिव्ह्यू नाहीये हा. रिडलर कोण, खून कोणाचे, कोण कोणाचा बाप, यातलं काही सांगणार नाही, पण शेवटच्या भागातल्या एका शॉटबद्दल बोलल्याशिवाय रंगांबद्दल बोलताच येत नाही, त्यामुळे ज्यांनी पिक्चर अजून पाहिलेला नाही त्यांनी आधी बघून या आणि मग वाचा.

निकाल आधीच सांगून टाकते. डिस्क जबरदस्त आहे, घ्यावी अशीच आहे. पण नवीन टीव्ही आणलाय आणि पाहुण्यांना दाखवायला काहीतरी झगमगीत हवंय म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. हिच्यात झगमगाट नाहीच. एचडीआर आहे, म्हणजे उजेड आणि अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवायची सोय, त्याचाच डॉल्बी व्हिजन हा प्रकार पण आहे, पण डोळे दिपवायला ते कुठेही वापरलेलं नाही, उलट बराच वेळ पडदा इतका दबका असतो की पहिल्या दहा मिनिटांत काही लोक सेटिंग्जमध्ये जाऊन ब्राइटनेस वाढवतील. तसं करू नका. का ते सांगते.

थोडं मागे जाऊया. हल्लीचे डिजिटल कॅमेरे जे शूट करतात ते मूळ फुटेज बघितलं तर निराशा होते, फिकट, कॉन्ट्रास्ट नसलेलं, सगळं एकाच पातळीवर. त्याला लॉग म्हणतात, आणि ते मुद्दाम तसं असतं कारण त्यात उजेडाची आणि अंधाराची जास्तीत जास्त माहिती साठवून ठेवायची असते. मग कलरिस्ट, म्हणजे पिक्चरचे रंग पक्के करणारा माणूस, आणि सिनेमॅटोग्राफर बसून ठरवतात काळं किती काळं, उजेड किती पिवळा, चेहरा कुठवर दिसू द्यायचा, मागची भिंत किती दाबायची. यालाच ग्रेडिंग म्हणतात. पूर्वी हे लॅबमध्ये व्हायचं, लाल हिरवा निळा या तीन दिव्यांचं प्रमाण कमीजास्त करून, आणि बदल अख्ख्या शॉटला लागू व्हायचा, नुसतं आकाश बदल किंवा नुसता चेहरा उजळ कर असली सोय नव्हती. २००० साली 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' आला, हॉलिवूडमध्ये अख्खा पिक्चर डिजिटली ग्रेड करायचं काम पहिल्यांदा त्यात झालं, सिनेमॅटोग्राफर रॉजर डीकिन्सनी हिरवीगार झाडी सुकलेल्या पिवळ्या रंगाची करून घेतली. आणि बघा, पहिला 'एक्स-मेन' पण २००० चाच आणि सॅम रेमीचा 'स्पायडर-मॅन' २००२ चा. म्हणजे सुपरहिरो पिक्चरांची ही आत्ताची लाट आणि डिजिटल ग्रेडिंग दोन्ही एकाच वेळी मोठे झाले. या पिक्चरांना पहिल्यापासून माहिती होतं की रंगाचं नंतर बघून घेता येतं. आणि माझ्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

'द बॅटमॅन'मध्ये रंगाचं नंतर बघून घेऊ हे कुठेच नाही. कॅमेरा ग्रेग फ्रेझरचा, कलरिस्ट डेव्हिड कोल. दोघांनी 'ड्यून' पण एकत्रच केला, त्यासाठी फ्रेझरला २०२२ मध्ये ऑस्कर मिळालं, आणि पुढच्या वर्षी 'द बॅटमॅन'ला मेकअप, साउंड आणि व्हिज्युअल इफेक्ट्सचं नॉमिनेशन मिळालं, सिनेमॅटोग्राफीचं मात्र नाही. याचा राग माझा अजून गेलेला नाही. असो.

या दोघांनी जे केलं ते मला फार आवडतं. पिक्चर शूट झाला डिजिटलवर, ॲरी अलेक्सा एलएफ कॅमेऱ्यावर. ग्रेडिंग झाल्यावर तो खऱ्या फिल्मवर छापला, आणि ती फिल्म परत स्कॅन करून डिजिटल केली. वरवर बघता उलटसुलट उद्योग वाटतो, डिजिटलवरून फिल्मवर आणि फिल्मवरून परत डिजिटलवर. पण फिल्मवर जाऊन आल्यावर दिव्याचा जो सगळ्यात तेजस्वी भाग असतो तो चटकन पांढरा फटक होत नाही, हळूहळू विरत जातो, आणि अंधाऱ्या भागात बारीक ग्रेन, म्हणजे फिल्मचा कणीदारपणा, येतो त्यामुळे काळं कधीच सपाट वाटत नाही. डिस्कवर हा ग्रेन पूर्ण टिकलाय. रस्त्यावरच्या दिव्याभोवतीचं पावसातलं वलय कुठल्याही शॉटमध्ये थांबवून बघा, मधला भाग जवळजवळ पांढरा, मग पिवळट, मग केशरी, मग मळका तपकिरी, मग काळोख, आणि यात कुठेही पट्टा पडलेला दिसत नाही.

स्ट्रीमिंगवर नेमकं इथेच बिघडतं. स्ट्रीमिंगचं ४के साधारण १५ ते २५ मेगाबिट प्रति सेकंद या वेगाने येतं, डिस्कला १०० च्या वर जायची मुभा असते. दिवसाउजेडी सीनमध्ये हा फरक कळणार पण नाही कित्येकांना. पण कॉम्प्रेशन माहिती गाळायची म्हटली की आधी अंधाऱ्या भागातली गाळतं, कारण तिथे कोणाचं लक्ष जात नाही असं गृहीत धरलेलं असतं. आता ज्या पिक्चरचा सगळा जीवच अंधारात आहे त्याचं काय होणार. चौकोन चौकोन दिसायला लागतात आणि आपण म्हणतो काय हे, काही दिसत नाही, पिक्चरच भंगार शूट केलाय. नाही हो, पिक्चर भंगार नाही, तुमच्यापर्यंत आलाच नाही तो पूर्ण.

सुरुवातीचा रेल्वे प्लॅटफॉर्मचा सीन घ्या. तोंडं रंगवलेली टोळी एका माणसाला घेरते, आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला नुसता अंधार. बुटांचा आवाज येतो. आवाज ऐकू येत असताना आपण त्या काळ्या भागात शोधत असतो आणि कितीतरी वेळ काहीच हाती लागत नाही. मग त्या काळ्यातून दुसरं काळं पुढे येतं. डिस्कवर बघितलं तर इथे काळ्याच्या किमान तीन जाती आहेत. मागची मोकळी जागा, तिथे नुसता ग्रेन हलतोय. ओलं प्लॅटफॉर्म, ज्याच्यावर ट्यूबलाइटची बारीक रेघ पडलीय. आणि सूट, तो ओला पण नाही आणि पोकळ पण नाही, त्याच्या छातीच्या कडेला जेमतेम दिसेल इतका उजेड थांबतो. त्या कडेवरच सगळा सीन उभा आहे. ब्राइटनेस वाढवला की तिन्ही काळे एकाच राखाडीत जातात आणि अंधारातून माणूस निघाला ही गंमतच संपते, नुसता एक माणूस कोपऱ्यातून चालत येताना दिसतो.

याउलट 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर'चा विमानतळावरचा सीन आठवा, २०१६ चा. मारामारी म्हणून मला तो सीन आवडतो, कोरिओग्राफी मस्त आहे, स्पायडर-मॅनची एंट्री मस्त आहे. पण दिसतो कसा? कोणी लाल, कोणी निळं, कोणी काळं, कोणी सोनेरी, डझनभर रंगीत माणसं घेतली आणि करड्या काँक्रीटवर करड्या ढगाळ उजेडात सोडून दिली. सावल्या कुठल्या बाजूला पडतायत हे शोधायला लागतं. काळं खऱ्या काळ्यापर्यंत जात नाही, पांढरं खऱ्या पांढऱ्यापर्यंत जात नाही, सगळं मधल्या पट्ट्यात अडकलेलं.

आता हे कलरिस्टला येत नव्हतं म्हणून झालं का? अजिबात नाही. असल्या पिक्चरांमध्ये निम्म्याहून जास्त फ्रेम कॉम्प्युटरवर बनते, एकाच सीनचे शॉट वेगवेगळ्या व्हीएफएक्स (व्हिज्युअल इफेक्ट्स) कंपन्या करतात, मागचं आकाश कोणतं, इमारत राहणार की पडणार हे शूटिंगनंतर कितीतरी महिन्यांनी पक्कं होतं. मग सेटवर उजेड असा करायचा की नंतर कुठल्याही आकाशाशी जुळेल. कुठल्याही आकाशाशी जुळणारा उजेड म्हणजे सगळीकडून सारखा येणारा, सावली नसलेला उजेड. तो एकदा शूट झाला की ग्रेडिंगमध्ये कितीही कॉन्ट्रास्ट चढवा, नाकाची सावली गालावर पडलेलीच नाही तर ती आणणार कुठून. पिक्चर राखाडी दिसतो याचं कारण ग्रेडिंगच्या खोलीत शोधून उपयोग नाही, ते सेटवर शोधायला पाहिजे, जिथे कोणी ठरवलंच नाही की सूर्य कुठे आहे.

खरं तर इफेक्ट्ससाठी रंगाला वाकवायचं हे काही आजचं नाही. १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये उडण्याचे शॉट निळ्या पडद्यासमोर घ्यायचे होते आणि सूट पण निळा, मग त्या शॉट्ससाठी जरा हिरवट झाक असलेला वेगळा सूट वापरला आणि नंतर लॅबमध्ये रंग जुळवून घेतला. पण तेव्हा ती अडचण त्या शॉटपुरती होती. आता अख्खा पिक्चरच त्या अडचणीत शूट होतो.

'द बॅटमॅन'मध्ये पण व्हीएफएक्स भरपूर आहे बरं का. बांधकाम अर्धवट राहिलेल्या उंच इमारतीवर पोलीस अधिकारी गॉर्डन आणि बॅटमॅन भेटतात, मागे शहर पसरलेलं असतं, ते शहर तिथे नव्हतंच. पण हिरव्या पडद्याऐवजी त्यांनी मोठमोठ्या एलईडी स्क्रीन उभ्या केल्या आणि शूटिंगच्या वेळीच मागे शहर आणि आकाश चालू ठेवलं. म्हणजे संध्याकाळचा केशरी उजेड सूटवर पडला तो खरोखर पडला. सेलिना म्हणजे कॅटवुमन आणि बॅटमॅन त्या उजेडात समोरासमोर उभे असतात तो शॉट मोठ्या पडद्यावर बघा, मास्कच्या कडेला जी केशरी रेघ आहे ती आकाशाशी तंतोतंत जुळते, कारण ती त्या आकाशाचीच आहे. आकाश कुठलं हे शूटच्या दिवशी ठरलेलं असलं की नंतर कलरिस्टला ते लपवत बसावं लागत नाही, तो पुढचं काम करू शकतो.

मार्व्हलचं सगळंच राखाडी असं सरसकट मला म्हणायचं नाहीये, तसं म्हणणं अन्याय होईल. 'थॉर: रॅग्नारॉक' रंगांनी नुसता भरलेला आहे. 'ब्लॅक पँथर'मधला कॅसिनोचा सीन तर मला फारच आवडतो, रेचल मॉरिसनचा कॅमेरा आणि रूथ कार्टरचे कपडे, टचाला काळ्यात, ओकोये लाल गाऊनमध्ये आणि नाकिया हिरव्यात. काळा लाल हिरवा, पॅन-आफ्रिकन झेंड्याचे रंग. सोनेरी उजेडाच्या त्या गर्दीत हे तिघं क्षणभरही हरवत नाहीत. तिथे ग्रेडिंगचं अर्धं काम कपडे शिवतानाच झालंय. त्याच पिक्चरच्या शेवटची जमिनीखालची मारामारी बघा, दोन काळे सूट काळ्या पार्श्वभूमीवर, कोण कुठला ते डोळ्यांना धड पकडता येत नाही. एकाच पिक्चरमध्ये दोन्ही टोकं.

परत 'द बॅटमॅन'वर येते. या पिक्चरचं रंगांचं गणित म्हटलं तर फार सोपं आहे. काळा, मळकट हिरवट करडा, आणि लाल-केशरी. निळा जवळपास नाहीच. आता केशरी म्हटलं की लोक म्हणतील हे तर सगळेच करतात, चेहरे केशरी आणि मागचं सगळं निळसर, वीस वर्षं तेच चाललंय. पण इथे फरक असा आहे की केशरी कुठून येतोय ते फ्रेममध्येच दिसतं. रस्त्यावरचे दिवे, गाड्यांचे मागचे लाल दिवे, आग, क्लबमधली लाइट. चेहऱ्याला केशरी रंग फासलेला नाही, चेहरा केशरी दिव्याजवळ गेला तर केशरी होतो आणि लांब गेला की विझतो.

गाड्यांचा पाठलाग याचं उत्तम उदाहरण. पाऊस, मागून येणारे हेडलाइट, कॅमेरा गाडीलाच घट्ट बांधलेला, काचेवर पाणी आणि चिखल, फ्रेमचा निम्मा भाग धूसर. खरंच काही नीट दिसत नाही, आणि तरी कोण कुठे आहे हे एका क्षणालाही विसरायला होत नाही कारण लाल दिवे पुढे पळणाऱ्या गुंडाकडे, पेंग्विनकडे, आणि आग बॅटमोबाईलकडे. मग गाडी उलटी होते आणि उलट्या फ्रेममध्ये ज्वाळांसमोरून एक काळी आकृती चालत येते. त्या शॉटमध्ये मोजून दोन रंग आहेत. एचडीआरचा उपयोग असा करावा, ज्वाळा खूप तेजस्वी नाहीयेत, पण त्यांच्या आतले पिवळे आणि केशरी वेगवेगळे दिसतात, साध्या व्हर्जनमध्ये जिथे एकच पिवळा ठिपका दिसला असता.

अंधाऱ्या कॉरिडॉरमधली मारामारी तर मी दाखवायला घेतली की लोक गप्पच होतात. लाइट गेलीय, उजेड आहे तो फक्त बंदुकांच्या गोळ्यांचा. गोळी सुटली की एक क्षण सगळं दिसतं, मग परत काळं, मग परत दिसतं तेव्हा तो दोन पावलं पुढे आलेला असतो. यात ग्रेडिंगची कुठलीही करामत नाही, हा निव्वळ उजेडाचा निर्णय आहे. टीव्हीचं मोशन स्मूदिंग चालू असेल तर मात्र हा सीन हमखास वाया जातो, त्या उजेड-काळोखाच्या ठोक्यांमध्ये टीव्ही स्वतःच्या मनाच्या फ्रेम घुसवतो. बंद करा ते, कायमचं बंद करा.

आणि आता तो शेवटचा शॉट. पिक्चरच्या सुरुवातीला पडदाभर लाल अक्षरात नाव येतं, आणि तिथून पुढे जवळपास तीन तास लाल म्हणजे धोका, मार, सूड. आपल्या डोळ्यांना ती सवय लागते. शेवटी पूर आलेल्या त्या हॉलमध्ये, काळ्या पाण्यात, बॅटमॅन एक फ्लेअर पेटवतो आणि ती पण लालच. वरून घेतलेला शॉट आहे, चारी बाजूंनी काळं पाणी आणि मध्ये एक लाल ठिपका, त्याच्यामागून लोक चालतायत. ज्या रंगाला लोक पिक्चरभर घाबरत होते त्याच रंगाच्या मागे आता चाललेत. एकही संवाद नाही याच्यावर. मला विचाराल तर अख्ख्या सुपरहिरो पिक्चरांमध्ये रंगाने सांगितलेली गोष्ट म्हणून याच्या जवळपास जाणारं फार थोडं आहे. आणि हे डिस्कवरच बघायला हवं, कारण त्या लाल उजेडाच्या कडेला पाण्यावर लाल कुठवर पोचतोय आणि कुठे संपतोय ते महत्त्वाचं आहे. लाल हा रंग कॉम्प्रेशनमध्ये सगळ्यात आधी फुटतो, कडा दातेरी होतात. इथे एक कड फुटलेली नाही.

मी एक चाचणी करून बघते कुठल्याही पिक्चरवर, तुम्हीही करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये कलर शून्यावर आणा. पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट झाला. आता बघा सीन वाचता येतोय का, नजर कुठे जायला पाहिजे तिथे जातेय का. 'द बॅटमॅन' यात सहज टिकतो, लाल गेला तरी उजेडाची रचना जागच्या जागी असते. तो विमानतळाचा सीन असा बघितला तर नुसती करडी पाटी उरते आणि तिच्यावर करड्या आकृत्या पळतायत.

या बाबतीत 'लोगन'चं उदाहरण फार मोठं आहे. जेम्स मॅनगोल्डने २०१७ मध्ये 'लोगन नॉयर' नावाने पिक्चरचं ब्लॅक अँड व्हाइट व्हर्जन काढलं, आणि ते करताना नुसता रंग उडवलेला नाही, ब्लॅक अँड व्हाइटसाठी सगळं नव्याने ग्रेड केलं. जॉन मॅथिसनचा कॅमेरा. ह्यू जॅकमनच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, दाढीतले पांढरे केस, वाळवंटातलं कडक ऊन, रंग गेल्यावर हे सगळं आणखी पुढे येतं. रंगीत पिक्चरमध्ये उजेडाचा विचार आधीच झालेला होता म्हणून ते जमलं.

झॅक स्नायडरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. २०१३ चा 'मॅन ऑफ स्टील' फिल्मवर शूट झालाय, टेक्स्चर सुंदर आहे, पण रंग इतका खेचून काढलाय की सूटचा निळा जेमतेम निळा उरतो. हा हलगर्जीपणा नाही, ती त्याची भूमिका आहे हे मान्य. माझा आक्षेप एवढाच की क्रिप्टन, कॅन्ससमधलं शेत आणि मेट्रोपोलिस तिघांनाही साधारण तीच वागणूक मिळते, मग घर सोडून आलेला मुलगा घर सोडून आला असं डोळ्यांना वाटतच नाही. 'जस्टिस लीग'चं मात्र बघण्यासारखं आहे, २०१७ चं व्हर्जन आणि २०२१ चं स्नायडरचं व्हर्जन शेजारी शेजारी लावा. शेवटच्या लढाईत एकात आकाश लालभडक आणि दुसऱ्यात थंड, काळसर. मूळ शूटिंगचा बराच भाग तोच आहे. ग्रेडिंगने काय होतं हे कोणाला समजावून सांगायचं असेल तर एवढंच दाखवा, दुसरं काही बोलायची गरज नाही.

२०२५ चा जेम्स गनचा 'सुपरमॅन' आल्यावर बरेच जण खूश झाले की रंग परत आले, दिवसाउजेडी मारामाऱ्या, लाल केप लाल दिसतेय. मी पण खूश झाले. पण त्यावरून अंधार वाईट आणि रंग चांगला असं कोणी म्हणायला लागलं की मी भांडते. 'स्पायडर-व्हर्स'चे दोन्ही ॲनिमेशन पिक्चर रंगांनी ओसंडून वाहतात, पहिल्यात जुन्या कॉमिक्ससारखे छपाईचे ठिपके आणि किंचित सरकलेले रंग, दुसऱ्यात ग्वेन आणि तिच्या वडिलांचं बोलणं जसं बदलतं तशा खोलीच्या भिंतींवरचे जलरंग बदलत जातात, ओघळतात. ते भारी आहे ते रंगीत आहे म्हणून नाही, प्रत्येक रंगाला तिथे काम दिलंय म्हणून. 'द बॅटमॅन' त्याच घरातला आहे, फक्त त्याच्याकडे रंग तीनच आहेत.

आता तक्रारी. पिक्चर १७६ मिनिटांचा आहे आणि मधल्या तासाभरात, क्लब, फ्लॅट, परत क्लब, तोच केशरी उजेड इतका वेळ चालतो की डोळे थकतात. तिथे एखादा थंड सीन मध्ये आला असता तर पुढचा लाल आणखी चढला असता. ब्रूस आणि आल्फ्रेडच्या काही सीनमध्ये चेहरे माझ्या चवीपेक्षा जास्त दाबलेत, अभिनय चालू आहे आणि डोळे दिसत नाहीत. लेन्स पण मुद्दाम मऊ वापरल्यात, फ्रेमच्या कडा विरघळतात, फोकस पातळ असतो, मला ते आवडतं पण ४के म्हणजे केसन् केस मोजता आला पाहिजे असं ज्यांना वाटतं त्यांची निराशा होणार. एक्स्ट्राजमध्ये मेकिंगचे व्हिडिओ आहेत, पण फिल्मवर छापून परत स्कॅन करण्याच्या त्या कामाला स्वतंत्र अर्धा तास तरी द्यायला हवा होता.

पिक्चर क्वालिटीला दहापैकी साडेनऊ, आणि तो अर्धा मार्क त्या मधल्या केशरी तासाचा. बघताना खोलीत अंधार करा, आणि अगदी काळोख नको असेल तर एक मंद दिवा टीव्हीच्या मागे ठेवा, समोर नको. मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर, व्हिव्हिड किंवा डायनॅमिक चुकूनही नको. एनर्जी सेव्हिंग आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे ब्राइटनेस बदलणारं जे काही असेल ते बंद, कारण अंधाऱ्या खोलीत तेच टीव्हीला आणखी दाबतं आणि मग दोष पिक्चरला जातो. ओएलईडी असेल तर उत्तमच. साध्या एलईडीवर काळं थोडं निळसर आणि पुढे आलेलं दिसेल, त्यावर इलाज नाही, पण तिथेही ब्राइटनेस वाढवण्यापेक्षा कॉन्ट्रास्ट आणि बॅकलाइट नीट लावून बघा. डॉल्बी व्हिजन टीव्हीला किंवा प्लेयरला चालत नसेल तर साध्या एचडीआर१० वर सुद्धा डिस्क छान दिसते, फक्त तेव्हा टीव्हीचं डायनॅमिक टोन मॅपिंग, म्हणजे सीनप्रमाणे उजेड आपोआप कमीजास्त करणारं सेटिंग, बंद करून प्लॅटफॉर्मचा तो सीन आधी लावा, सूटची कड मागच्या अंधारापासून वेगळी दिसली की सेटिंग जमलं, मग पहिल्यापासून सुरू करा.